थकबाकी एका बोटाची

वोल्ना, सस्कॅचवान
६ नोव्हेंबर

प्रिय लेसियाताई,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आज सकाळी नेस्टर प्रोकोपिवने मला बोट उचललं नाही.

तिकडे बेटावर राहून तू आपल्या रीती विसरली असशील असं नव्हे, पण या घटनेचं गांभीर्य कागदावर राहावं म्हणून लिहितो. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून पहिलं बोट उचलायचं. बस. हात हलवायचा नाही, दात दाखवायचे नाहीत, आपण काही टोरांटोहून आलेलो नाही. त्या एका बोटात 'राम राम', 'गहू कसा आहे' आणि 'तुझी गाय माझ्या कुंपणात आहे' हे सगळं बसतं. माझ्या जन्माच्या दिवशी आई मागच्या सीटवर कळा देत होती, तरी बाबांनी दवाखान्यापर्यंत भेटलेल्या प्रत्येक ट्रकला बोट उचललं होतं. आई हे शेवटपर्यंत ऐकवायची, पण 'चुकलं' असं तीही कधी म्हणाली नाही.

आणि हा नेस्टर! शेताला शेत लागून, एका बाकावर शिकलेलो, माझ्या लग्नात माझ्याहून जास्त प्यायलेला माणूस. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ, जणू समोरून मी नाही, नुसती हवा चालली आहे. गेल्या आठवड्यातही हेच. मी त्याचं काय घोडं मारलं?

बाकी ठीक. माझी व्हर्ना गेल्यापासून घर मोठं झालंय, पण बुधवार शाबूत आहे. बुधवारी सूनबाई जिलियनची दवाखान्यात पाळी असते, माझा डेल तिकडे तेलविहिरीवर, त्यामुळे कालिनाला शाळेतून उचलून ब्रँडर गावच्या बर्फाच्या रिंकवर स्केटिंगला न्यायचं काम गीदोचं, म्हणजे आजोबाचं. नऊ वर्षांची पोर जाता-येता अखंड बोलते. बाकीचे सहा वार मी त्यावर काढतो.

तब्येत बरी. डॉक्टरांनी दम दिल्यापासून सिगारेट बंद, फक्त वेपचं यंत्र. आंब्याच्या वासाचं. नुसती वाफ, निरुपद्रवी. कालिना गाडीत असली की मी काच खाली करतो.

फोन करू नकोस. तुझं कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं आणि मला वाटतं मागे पोलीस लागले.

तुझा अपमानित भाऊ,
ओरेस्ट


नॉर्थ किल्डन, प्रिन्स एडवर्ड बेट
१७ नोव्हेंबर

ओरेस्ट,

नेस्टरचं प्रकरण तू खुशाल संयुक्त राष्ट्रांकडे ने. मला तुझ्या पत्रात वेगळंच एक वाक्य दिसलं. कोंबडी चोरणाऱ्याने पिसं गादीखाली सारावीत तसं तू ते अगदी तळाला सारलं आहेस. "कालिना गाडीत असली की मी काच खाली करतो."

म्हणजे ओढतोस!

बाळा, मी हयातभर लोकांना गाडी शिकवली. काच खाली केली म्हणजे कायदा बाहेर उडून जात नाही. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असलं तर तुझ्या प्रांतात सिगारेट नाही आणि वेपही नाही. काच खाली असो, छप्पर उघडं असो, की तू अर्धा खिडकीबाहेर लोंबत असोस. आमच्या बेटावर तर एकोणीस वर्षांपर्यंत हाच नियम आहे. एकटा असशील तेव्हा तुला थेट कोणी अडवणार नाही, हे कबूल. पण ओढता ओढता गाडी रेषेबाहेर गेली, तर पोलीस 'निष्काळजीपणे गाडी हाकली' म्हणून धरेल. तिथे 'साहेब, मी फक्त आंबा ओढत होतो' हे कोणी ऐकून घेणार नाही.

कायदा राहू दे बाजूला. तुमच्या सरळ रस्त्यावर तू शंभराने जाणार. एक दांडगा झुरका सोडलास आणि डोळ्यांपुढे दोन सेकंद ढग आला, तर जवळजवळ आख्खी हॉकीची रिंक तू आंधळेपणी पार केलीस. आणि पोर शेजारी.

आता दोन गोष्टी कर. जिलियनला तू स्वतः सांग. तिला दुसऱ्याकडून कळलं तर तुझा बुधवार गेला म्हणून समज, आणि मी तिचीच बाजू घेईन.

दुसरं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दे. ते यंत्र तू कुठल्या हातात धरतोस?

लेसिया


वोल्ना
२९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटातून वाफ येत होती.

तू उगाच घाबरतेस. मी काही पोरीच्या तोंडावर सोडत नाही, खिडकीकडे तोंड करून सोडतो. तिला वास आवडतो. जिलियनचं म्हणशील, तर विषय निघालाच होता. परवा तिने कालिनाच्या कोटाला नाक लावलं आणि म्हणाली, "नोव्हेंबरात आंबा कुठे मिळाला गं तुला?" पण कालिना काय हुशार! पापणी न हलवता म्हणाली, "गीदोने गाडीत आंब्याचं अत्तर टांगलंय." मी लगेच को-ऑपच्या दुकानातून तसलं अत्तर आणून आरशाला टांगलंसुद्धा. प्रकरण मिटलं.

खरी अडचण वेगळीच आहे. गाडीचा हीटर बिघडलाय. समोरची काच आतून सारखी धुरकटते, संध्याकाळी समोरून दिवे आले की प्रत्येक दिव्याला पिसारा फुटतो. गॅरेजवाल्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, हीटर ठणठणीत आहे. आजकाल काम येणारी माणसं राहिली नाहीत.

नेस्टरचं तर ऐकूच नकोस. शनिवारी को-ऑपच्या कॉफीच्या टेबलावर गेलो, तर हा उठून पलीकडच्या टेबलावर! मी आपला काही न झाल्यासारखा बसलो. वॉल्टर म्हणाला, "काय रे ओरेस्ट, परवा तुझ्या गाडीला आग लागली होती का? आत नुसता धूर."

"धूर नाही, वाफ."

"मग बटाटे शिजले का?"

सगळं टेबल हसलं. नेस्टर हसला नाही. खिडकीबाहेर बघत कॉफी ढवळत बसला. त्या कॉफीत साखर नसते, ताई. तो ढवळत काय होता?

हाताबद्दलचा तुझा प्रश्न मला नीटसा कळला नाही, म्हणून सोडून दिला.

तुझा,
ओरेस्ट


नॉर्थ किल्डन
८ डिसेंबर

ओरेस्ट,

थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलं तर पोस्टखातं आक्षेप घेईल.

एक पांढरं फडकं घे. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घाल. समोरची काच आतून पूस, आणि फडक्यावर जे येईल ते बघ. ते हीटरने केलेलं नाही. वाफ हवेत विरते असं तुला वाटतं. तिच्यातला चिकटपणा कुठे जातो याचा विचार तू केला नाहीस. तो काचेवर बसतो, त्यावर दव धरतं, आणि कलता सूर्य पडला की काचेचा पडदा होतो. शिकाऊ पोरांना मी हे पहिल्या दिवशी दाखवायचे.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. नऊ वर्षांची मुलगी पापणी न हलवता आईशी खोटं बोलली, आणि ते तू मला कौतुकाने कळवलंस. ती तुझ्यासाठी बोलली रे. तुझा बुधवार जाऊ नये म्हणून.

फडकं पाकिटात घातलं आहे. जुन्या उशीच्या अभ्र्याचं आहे, मऊ आहे.

लेसिया


नॉर्थ किल्डन
९ जानेवारी

ओरेस्ट,

परवा आपला जुन्या युक्रेनी पंचांगाचा नाताळ झाला. बारा पदार्थ कुणासाठी करायचे म्हणून नुसत्या बटाट्याच्या पिरोहीच केल्या, एकटीने खाल्ल्या. तुझं कार्ड नाही, पत्र नाही. रागावला असशील तर रागावल्याचं तरी लिही.

लेसिया


वोल्ना
२३ जानेवारी

ताई,

रागावलो होतो. फडकं मात्र गाडीच्या खणात ठेवलं होतं. वापरायला नव्हे, तू विचारलंस तर 'ठेवलंय' म्हणता यावं म्हणून.

परवाच्या बुधवारचं सांगतो. मध्ये टोमणे मारू नकोस.

उणे चौतीस होतं. कालिनाला शाळेतून घेतलं, दप्तर मागे, स्केट मांडीवर. हवेत बर्फाचा चुरा होता. तो पडत नव्हता, जागच्या जागी तरंगत चमकत होता, कुणी आभाळ किसून ठेवल्यासारखा. ब्रँडरचा रस्ता सरळ पश्चिमेला जातो आणि सूर्य रस्त्याच्या टोकावर येऊन टेकला होता.

"गीदो, तीन सूर्य!" कालिना ओरडली. "बघ ना, तीन! आणि भोवती कडं!"

मला एकही दिसत नव्हता. मी नुकताच झुरका घेतला होता. काच दोन बोटं खाली होती. आत आलेल्या थंडीला माझा ढग भेटला आणि दोघांनी समोरच्या काचेवर संसार मांडला. त्यावर तो कलता सूर्य पडला. ताई, काच धुरकट झाली असं नाही म्हणता येणार. जगच पुसलं गेलं. दुधाच्या बादलीत डोकं बुडवावं तसं. पुढे रस्ता आहे, वळण आहे की ट्रक आहे, काही काही कळेना. गाडी तेवढी धावत होती.

तुझा आवाज आठवला. गचका नाही, धोक्याचे दिवे, हळूहळू उजवीकडे. कडेची खडी चाकांखाली कुरकुरली तेव्हा कळलं की अजून रस्त्यावर आहोत. थांबलो. कालिना मात्र मजेत.

"बरं झालं थांबलास. किती आहेत रे?"

"कोण किती?"

"ते सगळे!"

तिला वाटलं, मला दिसतंय. तिला वाटतं, गीदोला सगळं दिसतं.

मी खणातून तुझं फडकं काढलं आणि कोरडंच फिरवलं. फडक्यावर गवती चहाच्या काढ्यासारखा रंग आला. काचेला बशीएवढं भोक पडलं. त्या भोकातून मला आधी एक शिंग दिसलं. मग शिंगाखालचं डोकं. मग, एखाद्या लांब ट्रेलरच्या अंतरावर, रस्ताभर एल्क हरणं.

आख्खा कळप रस्ता ओलांडत होता. उत्तरेच्या झाडीतून दक्षिणेच्या गंजींकडे, संथ, रांगेत, घोड्याएवढी जनावरं. माद्या पुढे, मागे नर, शिंगांवर बर्फाची साय. आणि त्यांच्या अलीकडे, माझ्या गाडीच्या अगदी नाकासमोर, नेस्टरचा ट्रक आडवा लावलेला, दिवे लुकलुकत असलेले, आणि रस्त्याच्या मधोमध नेस्टर स्वतः, दोन्ही हात वर करून उभा. एक माणूस, एक ट्रक आणि शेकडो जनावरं. यातलं काही म्हणजे काहीच मला दिसलं नव्हतं.

आम्ही खाली उतरलो. कालिनाने माझं बोट धरलं. आवाज म्हणशील तर फक्त खुरांचा, गोठलेल्या डांबरावर असंख्य चमचे वाजावेत तसा. प्रत्येक नाकातून श्वास निघत होता, कळपावर धरून राहत होता, आणि त्या श्वासांच्या पलीकडे ते तीन सूर्य, कडं घालून. मधला सोन्याचा, बाजूचे दोन बर्फाच्या चुऱ्यातले आभास, लालसर, कोवळे. एल्क त्या कड्यातून चालत येतात आणि दुसऱ्या बाजूने कड्यातून निघून जातात असं वाटत होतं. मी टोपी काढली. उणे चौतीसात का काढली, सांगता येत नाही. चर्चमध्येही मी इतक्या लवकर काढत नाही. इतकी वाफ मी जन्मात पाहिली नव्हती, ताई, आणि तिला कसलाही वास नव्हता.

एकाही जनावराने आमच्याकडे बघितलं नाही. आम्ही तिथे नव्हतोच. होतो ते त्यांच्या वाटेवरचे दोन दगड.

शेवटचा नर गेल्यावर नेस्टर चालत आला. भुवयांवर बर्फ.

"दिसलो का?" त्याने विचारलं.

"आत्ता."

"आत्ता म्हणजे?"

"म्हणजे काच पुसल्यावर."

त्याने माझ्या हातातलं फडकं बघितलं. मग कालिनाकडे बघितलं. भुवयांवरचा बर्फ मनगटाने पुसला. मग म्हणाला, "गेलं वर्षभर मी बोट उचलत होतो, ओरेस्ट. तुझ्या मुठीत ती नळी आणि तोंडापुढे ढग. एकदा नाही, दोनदा नाही. शेवटी म्हटलं, माणसाला नकोच असेल आपली ओळख तर कशाला? नाल्याच्या पाण्यावरून मी तुला बोललो, त्याचा राग धरलास ना?"

"कुठला नाला?"

"मी म्हणालो होतो ना, तुझ्या नाल्याचं पाणी माझ्या शेतात येतं!"

"तू असं म्हणालास? कधी?"

"मेल्या, म्हणजे तू ऐकलंसुद्धा नव्हतंस?" नेस्टर म्हणाला. "मी वर्षभर झोपेत त्याची माफी मागतोय!"

उजवा हात, ताई. ज्या हाताचं बोट उचलायचं, त्याच हातात धरत होतो. तुला तेव्हाच कळलं होतं.

रिंकवर जिलियन आधीच आलेली होती, पाळी लवकर सुटली म्हणून. कालिना बर्फावर उतरली आणि मी सांगून टाकलं. एल्कचं आधी नाही सांगितलं, वेपचं आधी सांगितलं.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"प्रत्येक बुधवारी."

"आणि ते अत्तर?"

"कालिनाने मला वाचवायला ती थाप मारली. मी ते खरं करायला विकत आणलं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला काही झालं असतं," ती म्हणाली, "तर मी सहन केलं असतं." पुढचं वाक्य ती बोललीच नाही. मग म्हणाली, "बुधवारची पाळी मी बदलून घेते. तिला मीच नेईन."

तर बुधवार गेला. घर फार मोठं आहे गं.

ओरेस्ट


नॉर्थ किल्डन
३ फेब्रुवारी

ओरेस्ट,

टोमणा मारत नाही. पत्र घेऊन किनाऱ्यावर गेले होते. समुद्र गोठला आहे, क्षितिजापर्यंत पांढरा. तिथे उभं राहून तुझे एल्क पुन्हा वाचले. मग तो ट्रेलरभर अंतराचा भाग वाचला आणि तेवढं अंतर बर्फावर पावलांनी मोजलं. शिकवताना मी पोरांना आकडे सांगायचे. आकड्यापलीकडे माझा भाऊ उभा असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता ऐक. जिलियनने केलं ते योग्य केलं. वाद घालू नकोस, रडगाणं गाऊ नकोस, पोरीमार्फत निरोप पाठवू नकोस. कालिनाला एवढंच सांग की ते खोटं तिचं नव्हतं, तुझं होतं, आणि तू ते परत घेतलं आहेस.

वेप सुटलं तर उत्तमच, डॉक्टरांना विचार. पण सुटेपर्यंत ते हाताला लागेल अशा जागी गाडीत ठेवायचं नाही. पिकअपच्या मागच्या हौद्यातल्या हत्यारांच्या पेटीत ठेव. हुक्की आली तर शेताच्या वाटेवर गाडी नीट आत घे, बंद कर, उतर, पेटी उघड, उभ्याने ओढ, परत ठेव, मग निघ. उणे तिशीत इतकी यातायात करून ओढावंसं वाटलं, तर खरोखरच व्यसन आहे असं समजू.

आणि काच दर शनिवारी पूस. आतून.

ते कडं पूर्ण होतं का रे? की जमिनीपाशी तुटत होतं? मी इतकी वर्षं तिथे राहिले, मला कधीच पूर्ण दिसलं नाही.

लेसिया


वोल्ना
१७ एप्रिल

प्रिय लेसियाताई,

जमिनीपाशी तुटत होतं. पण बर्फावर त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, म्हणून पूर्ण होतं.

तुझी पेटीची युक्ती अघोरी आहे. फेब्रुवारीत मी उतरून, कुलूप उघडून, गोठल्या बोटांनी ते यंत्र तोंडाला लावलं, तर थंडीने त्याची बॅटरीच मेलेली. मग कुलूप लावलं आणि निघालो. असं इतक्यांदा झालं की आता पेटीत हत्यारंच जास्त आहेत. पूर्ण सुटलंय असं म्हणत नाही. पण गाडीत नाही. एकटा असतानाही नाही.

मार्चअखेर जिलियन न सांगता आली. पिकअपचं दार उघडलं, आत बसली, नाकाने दीर्घ श्वास घेतला. गॅरेजवाल्याने इतकी तपासणी केली नव्हती. मग तिने आरशाचं अत्तर काढून खिशात घातलं. "काचेवर काय मारता?" म्हणाली.

"व्हिनेगर."

"लोणच्याचा वास येतो."

"हो."

"चालेल," ती म्हणाली. "बुधवारी चार वाजता. एकदा जरी आंबा आला, बाबा, तर पुन्हा कधीच नाही."

पहिल्या बुधवारी कालिना स्केटच्या नाड्यांशी चाळा करत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "गीदो, मी आईला सगळं सांगितलं. तू सांगायच्या आधीच, नाताळाच्या सुट्टीआधी." म्हणजे डिसेंबरातच, ताई. जिलियनला तेव्हापासून ठाऊक होतं. मी स्वतः सांगतो का, याची ती वाट बघत होती. रिंकवर ती लवकर आली होती, ते पाळी सुटली म्हणून नव्हतंच. त्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं तर... जाऊ दे. मी गाडी बाजूला घेतली आणि काच आतून पुन्हा एकदा पुसली.

आणि परवा बुधवारी! नाल्याच्या वळणावर पाण्यात हिमहंस उतरले होते, दक्षिणेकडून नुकतेच आलेले. आधी वाटलं बर्फच राहिलाय. आम्ही दार उघडलं तोच तो आख्खा बर्फ उठला. आवाज असा की छातीत वाजतो. आभाळ पांढरं झालं, मग पंख वळले आणि काळं झालं, मग पुन्हा पांढरं. कालिनाने कानांवर हात ठेवले आणि तोंड उघडंच. हे हंस दर वर्षी याच वळणावर येत असणार. मी दर वर्षी याच वळणावरून गेलो असणार. ढगातून.

नेस्टर आता बोट उचलतो, मी लगेच उत्तर देतो, सगळं पूर्ववत. नाला आम्ही दोघांनी मिळून साफ केला. पण त्याने वर्षभर उचललेली बोटं काही मला चैन पडू देत नाहीत. तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, मीही काढत नाही. तूही काढू नकोस.

त्याच दिवशी को-ऑपपुढे त्याचा ट्रक उभा होता, रिकामा. तो आत टेबलावर, बिनसाखरेची कॉफी ढवळत, आमच्याकडे पाठ करून. मी शेजारून गाडी नेली आणि बोट उचललं.

"गीदो, आत कुणी नाहीये," कालिना म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि ट्रक मागे पडेपर्यंत ते वरच ठेवलं.

तुझा,
ओरेस्ट